मुनिबची झोप आणि हाकलकॉफी

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मुनिब काराहोजिचची झोप उडाली, तेव्हा इमारतीतल्या बावीस बिऱ्हाडांपैकी एकाचाही त्यावर विश्वास बसला नाही. बोस्नियातल्या आमच्या तुझ्ला गावच्या खारट तळ्याचं पाणी रातोरात गोड झालं असं कोणी सांगितलं असतं, तर लोकांनी निदान बोट बुडवून चाखून पाहिलं असतं. मुनिबला झोप येत नाही, ही गोष्ट चाखून पाहण्याच्याही लायकीची नव्हती.

कारण मुनिब हा झोपणारा माणूस होता. आळशी नव्हे. आळशी माणूस काम असताना झोपतो. मुनिब काम नसताना झोपायचा, आणि काम नसणं सुरू व्हायला त्याला साधारण दोन सेकंद पुरत. त्याच्याशी बोलणारा श्वास घ्यायला थांबला की मुनिबच्या पापण्या मिटत. बोलणाऱ्याने पुढचा शब्द उच्चारला की त्या उघडत आणि मुनिब नेमकं उत्तर देई. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने एका दाढीत तो चौदा वेळा झोपल्याचं मोजलं होतं, आणि चौदाही वेळा मुनिबने गाल योग्य त्या बाजूला वळवला होता.

जन्म १९६४ सालचा. वडील मिठाच्या कारखान्यात पहारेकरी. शाळेत बाई विचारायच्या, "मुनिब, सावा नदीला कोण मिळतं?" मुनिब डोळे उघडायचा, "बोस्ना" म्हणायचा आणि मिटायचा. सैन्यात असताना तो पहाऱ्यावर उभ्या उभ्या झोपतो अशी तक्रार गेली. कॅप्टन स्वतः बूट काढून, मोज्यांवर, मागून दबकत आला. तीन पावलांवर मुनिबने डोळे उघडून परवलीचा शब्द मागितला. तो कॅप्टनच विसरला होता. शिक्षेसाठी काढलेल्या कागदावर शेवटी शाबासकी लिहावी लागली. युद्धाच्या चार वर्षांत मुनिब झोपला नाही. ती वर्षं तो धरत नाही आणि त्यांच्याबद्दल बोलतही नाही.

पुढे रेडिओदुरुस्तीचं दुकान काढलं. रेडिओ संपले. बेचाळिसाव्या वर्षी त्याने छापील कागदांवरून प्रोग्रॅमिंग शिकून घेतलं, आणि आता एकोणसाठाव्या वर्षी तो दाताच्या दवाखान्यावरच्या मजल्यावर, सात माणसांच्या एका कंपनीत नोकरीला होता. खालून ड्रिलचा आवाज यायचा. तो थांबला की मुनिब झोपायचा.

त्याचं काम सांगायला सोपं आहे. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा जो सगळ्यात आतला गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तिथे यंत्राचे लहान लहान भाग सांभाळले जातात. यंत्र चालू असताना सगळे भाग सगळा वेळ लागत नाहीत. न लागणाऱ्याला मधल्या मधे झोपवायचं, लागला की उठवायचं, म्हणजे बॅटरी टिकते. त्याची रीत अशी: प्रत्येक भागाच्या नावाने एक आकडा ठेवायचा. ज्याला तो भाग हवा असेल त्याने आकडा एकाने वाढवायचा, काम झालं की एकाने कमी करायचा. आकडा शून्यावर आला की थोडी वाट पाहून तो भाग झोपतो.

मुनिबला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "हे तर कॉफीचं आहे."

आमच्याकडे पाहुण्याला तीन कॉफ्या असतात. आल्याबरोबर स्वागताची. मग गप्पांची, ती कितीही वेळा होते. आणि मग न मागता एक शेवटची येते. ती आली की पाहुण्याने ओळखायचं आणि टोपी शोधायची. तिला सिक्तेरुशा म्हणतात. हाकलकॉफी. देणाऱ्याला ती देताना संकोच नसतो आणि पिणाऱ्याला पिताना राग नसतो, कारण ती प्यायल्याशिवाय पाहुणा गेला असं धरतच नाहीत. काही घरांत लोक पाच-पाच तास बसतात, ते गप्पा रंगल्या म्हणून नव्हे, तर घरातली बाई हाकलकॉफी ठेवायला विसरली म्हणून.

मुनिबने आपल्या प्रोग्रॅममध्ये आकडा वाढवण्याच्या जागी 'स्वागत' आणि कमी करण्याच्या जागी 'सिक्तेरुशा' अशी नावं दिली होती. जगभरचे लोक हा गाभा मिळून लिहितात आणि एकमेकांचं तपासतात. कुठल्यातरी दूरच्या देशातल्या तपासनिसाने पत्र लिहून विचारलं, की हा दुसरा शब्द शिवी आहे काय. मुनिबने कळवलं, ते पाहुण्यावर अवलंबून आहे. नावं बदलावी लागली.

घरात तो आणि बायको शेम्सा, दोघंच. शेम्सा पोस्टातून निवृत्त झालेली. तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून अंगण दिसायचं. आपल्याकडे येणारा माणूस कचऱ्याच्या डब्यांपाशी पोचला की ती तांब्याचं कॉफीपात्र शेगडीवर चढवायची, आणि तो जिना चढून दारात येईपर्यंत बिनकानाच्या छोट्या कपात कॉफी ओतलेली असायची. बत्तीस वर्षांत तिचा अंदाज चुकला नव्हता.

तळमजल्यावर रागिब राहायचा. निवृत्त खाणवाला. कोळशाच्या खाणीत माणसं खाली सोडायचा आणि वर काढायचा जो पाळणा असतो, तो त्याने एकतीस वर्षं चालवला. निवृत्तीनंतरही पायात खाणीतलेच बूट, घोट्याच्या वरपर्यंत, प्रत्येकाला नाडी अडकवायचे आठ-आठ धातूचे आकडे. हे बूट घालायला आणि काढायला त्याला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात दुसरा माणूस बाजारात जाऊन यायचा.

तर फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी दुपारी रागिब अंगणातल्या बाकावरून उठून वर यायला निघाला. कचऱ्याच्या डब्यांपाशी पोचला, शेम्साने पात्र चढवलं. घंटा वाजली, मुनिबने दार उघडलं.

"ये शेजारी, ये."

"येतो, येतो. बूट तर काढू दे," रागिब म्हणाला आणि उंबऱ्याबाहेर खाली वाकला.

वाकलेला माणूस बोलत नाही. तिसऱ्या आकड्यापर्यंत रागिब आपल्या धापेत होता. चौथ्या आकड्याला त्याने सहज मान वर केली, तर यजमान एक हात कडीवर ठेवून, तोंड किंचित उघडं टाकून, गाढ झोपलेला.

आता रागिबला हे नवीन नव्हतं. एकोणीस वर्षं तो मुनिबच्या बंद पापण्यांसमोर बोलत आला होता. पण त्याचं म्हणणं असं, की माणूस आत येऊन बसला आणि मग यजमान झोपला, तर तो यजमानाचा स्वभाव. माणूस उंबऱ्यावर वाकलेला असताना झोपला, तर तो माणसाचा अपमान. त्याने एक शब्द न बोलता सुटलेले चार आकडे पुन्हा आवळले आणि जिना उतरून गेला. तो बोलला असता तर मुनिब उठला असता. पण तो बोलला नाही, हेच तर म्हणणं होतं.

गार वाऱ्याने मुनिबला जाग आली तेव्हा समोर रिकामा जिना होता आणि मागे शेम्सा ट्रे घेऊन उभी होती.

"रागिब कुठंय?"

"आला होता," मुनिब म्हणाला.

"आला होता म्हणजे? आत आला का?"

"आत नाही."

"मग ही ओतलेली कुणाची?"

मुनिबने कपाकडे पाहिलं. आणि सवयीप्रमाणे, शेम्साच्या गप्प राहण्याचा फायदा घेऊन झोपायला त्याने पापण्या मिटल्या, तर त्या मिटल्या, पण झोप आली नाही.

पहिल्या दिवशी त्याला मौज वाटली. माणसं दोन वाक्यांच्या मधे काय करतात ते त्याला आयुष्यात पहिल्यांदा दिसलं. ती नाक खाजवतात. दुसऱ्या दिवशी त्याने न्हाव्याकडे सगळी दाढी जागेपणी करून घेतली आणि न्हाव्याचा हात थरथरतो हे त्याला कळलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरने गोळी दिली. गोळीने तो झोपला नाही, फक्त हळू जागा राहिला. पाचव्या दिवशी तो शेम्साला म्हणाला, "फ्रिज रडतो, तुला माहीत होतं?"

"तो बत्तीस वर्षं रडतोय."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तुला सांगायचं म्हणजे दोन सेकंदांत सांगायचं, मुनिब. फ्रिजचं दुःख मोठं आहे."

आठव्या दिवशी तो पायऱ्यांवर धडपडला. डॉक्टरने रक्तदाब पाहिला, मग दुसऱ्या हाताचा पाहिला आणि म्हणाला, आणखी चार-पाच दिवसांत झोप आली नाही तर रुग्णालयात ठेवावं लागेल, आणि तिथे काय करायचं ते मलाही माहीत नाही. त्यानंतर इमारतीत मुनिबची थट्टा थांबली. तो जिन्यातून गेला की लोक आपोआप आवाज कमी करायचे, जणू तो झोपलेलाच असावा.

रागिबचा या सगळ्याशी संबंध असेल हे कोणाच्या डोक्यात आलं नाही, मुनिबच्याही नाही. रागिब त्याच्याशी बोलत नव्हता एवढंच. शेम्साने मात्र तो ओतलेला कप टाकला नव्हता. पाहुण्याच्या नावाने ओतलेली कॉफी पाहुणा असेतो मोरीत ओतायची नाही, असं तिच्या आईचं वळण. आणि पाहुणा गेला, असं तिला कोणी सांगितलं नव्हतं. कप फडताळात बशीखाली झाकून ठेवला होता. कॉफी आटत आटत तळाशी काळी माती उरली होती.

त्याच आठवड्यात कंपनीतही एक यंत्र झोपेनासं झालं. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या एका गिऱ्हाईकासाठी मुनिबने मधपेटीखाली ठेवायच्या वजनकाट्याचं काम केलं होतं. पेटीत मध किती चढला, किती उतरला, ते काटा दर तासाला मोजतो, मालकाला कळवतो आणि झोपतो. एका बॅटरीवर सगळा हंगाम निघायला हवा. पण थंडी पडली तशा बॅटऱ्या चार दिवसांत संपायला लागल्या. म्हातारे मधपाळ बर्फ तुडवत डोंगर चढून बॅटऱ्या बदलत होते. गिऱ्हाईकाकडून लाइटगेब नावाच्या बाईंचा फोन आला.

"काराहोजिच साहेब, मधमाश्या झोपल्यात," त्या म्हणाल्या. "काटा जागा आहे."

"मीही," मुनिब म्हणाला.

यंत्रं तपासायचं काम जेलिलाकडे होतं. वय एकोणतीस, जिभेला हाड नाही, मुनिबला 'मुनिबआगा' म्हणायची, आणि त्यात आदर किती आणि टिंगल किती हे तिचं तिलाच ठाऊक. तिने एक काटा आणून ऑफिसच्या बाल्कनीत ठेवला आणि दोन दिवस त्याच्यावर नजर ठेवली.

"मुनिबआगा, आकडा एकवर अडकलाय. खाली येतच नाही."

"कोणीतरी धरून बसलं असेल."

"कोणी नाही. वजन मोजणाऱ्याने सोडलंय. फोन करणाऱ्याने सोडलंय. घड्याळाने सोडलंय. सगळ्यांच्या हाकलकॉफ्या झाल्यात. तरी एक पाहुणा बसलेला आहे आणि खोलीत कोणी नाही."

"असं होत नाही."

"तुमचंही तेच झालंय," जेलिला म्हणाली. "काटा आणि तुम्ही, दोघं एकाच आठवड्यात बिघडलात. बसा खाली. तुमचाही आकडा बघू."

ही थट्टा होती. पण दहा दिवस न झोपलेल्या माणसाला थट्टा आणि उपाय यातला फरक कळत नाही, आणि जेलिलाला आरंभलेली थट्टा अर्धी सोडायची सवय नव्हती. तिने कागदावर यादी केली: त्या मंगळवारी मुनिबला कोणी कोणी हाक मारली. न्हावी. कंपनीचा मालक. दाताचा डॉक्टर, ज्याने फ्यूज बघायला बोलावलं होतं. पोस्टमन. शेम्सा. मग एकेकाला गाठून तिने वदवून घेतलं, की माझं मुनिबशी काम झालं, मी त्याला सोडलं. न्हाव्याने रडक्या आवाजात सोडलं. मालकाने आधी वकिलाला विचारतो म्हणून सांगितलं आणि मग सोडलं. शेम्सा म्हणाली, "मी त्याला पहिल्याच वर्षी सोडलंय, जातच नाही." मुनिबच्या शहाऐंशी वर्षांच्या आईला फोन लावला.

"आजी, म्हणा, मुनिबला सोडलं."

"तुझी जीभ झडो," आजी म्हणाली आणि फोन आपटला.

"आईचा आकडा धरत नाहीत," जेलिलाने कागदावर लिहिलं. "तो यंत्रात जन्मापासूनच असतो."

सगळ्यांनी सोडलं आणि मुनिब जागाच राहिला.

"कोणी राहिलं का?" जेलिलाने विचारलं.

"रागिब आला होता. पण तो आत आलाच नाही."

"मग त्याचं काय धरायचं," असं म्हणून जेलिलाने यादीची घडी घातली.

अकराव्या दिवशी सकाळी ऊन पडलं. मालकाने मुनिबला घरी पाठवलं होतं. तो अंगणात गॅरेजांसमोरच्या बाकावर जाऊन बसला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला रागिब होता. मधे हुसो होता, पूर्वीचा बसकंडक्टर, ज्याला त्या दिवसांत दोघांच्या मधे बसण्याचं काम मिळालं होतं.

"हुसो," रागिब म्हणाला, "त्याला सांग, माझं त्याच्याशी बोलणं नाही."

"मुनिब, त्याचं तुझ्याशी बोलणं नाही."

"ऐकलं."

"ऐकलं म्हणतो."

"त्याला सांग, मी तुला गोष्ट सांगतोय, त्याला नाही. अव्दोच्या बिल्ल्याची."

हुसोने सुस्कारा सोडला. अव्दोच्या बिल्ल्याची गोष्ट अंगणात शेकडो वेळा झाली होती. मुनिबनेही तितक्याच वेळा ऐकली होती, निदान सगळे असं धरून चालत होते.

गोष्ट अशी. खाणीत उतरणारा प्रत्येक माणूस फळीवरचा आपल्या नंबरचा पितळी बिल्ला घेऊन खाली जातो. वर आला की बिल्ला फळीवर परत. सगळे बिल्ले परत आले की पाळी संपली, पाळणा बंद, दिवे बंद, सगळे घरी. एक बिल्ला कमी असला तरी खाण बंद करायची नाही, कारण माणूस खाली आहे.

"आणि एका संध्याकाळी," रागिब म्हणाला, "फळीवर बघतो तर एक बिल्ला कमी. सतरा नंबर. अव्दोचा."

इथे रागिब नेहमी सिगारेट पेटवायचा. काडी नेहमी तीनदा ओढावी लागायची. एकोणीस वर्षं, प्रत्येक वेळी, या तीन काड्यांमधे मुनिब झोपला होता. जाग यायची ती रागिबच्या "काय कळलं?" या प्रश्नाने, आणि मुनिब म्हणायचा, "माणूस विचित्र असतो." ते उत्तर दर वेळी चालून जायचं.

या खेपेला तीन काड्या ओढल्या गेल्या आणि मुनिब जागा होता. त्याला पुढची गोष्ट ऐकू आली.

"सहा तास," रागिब धूर सोडत म्हणाला. "सहा तास चाळीस माणसं खाली अव्दोला शोधत होती. प्रत्येक बोगदा. पाणी उपसलं. मी पाळण्यावरून हललो नाही. दिवे सगळे चालू, पंखे चालू. आणि अव्दो कुठं? घरी! बायकोच्या हातचं सूप पीत! बिल्ला घेतला, पाळण्यापाशी आला, पोटात कळ आली, उतरलाच नाही. मागच्या दारानं घरी गेला. बिल्ला खिशात. म्हणतो कसा, मी खाली गेलोच नाही, तर वर आल्याचं कशाला सांगू?"

मुनिब ताठ बसला. दोन सेकंद गेले. चार गेले.

"मग तू काय केलंस?" तो म्हणाला.

"हुसो, त्याला सांग, मी त्याच्याशी—" रागिब थांबला. एकोणीस वर्षांत त्या गोष्टीला कोणी मधेच प्रश्न विचारला नव्हता. "काय केलं म्हणजे? कानाखाली वाजवली. म्हटलं, गाढवा, खाली गेलास की नाही ते तुझ्या पोटाला माहीत. फळीला काय माहीत? बिल्ला उचललास तेव्हाच तू खाली गेलास!"

"उचलला तेव्हाच," मुनिब म्हणाला.

"उचलला तेव्हाच!"

मुनिबने खिशातून फोन काढला. फोन पेलवेना म्हणून तो हुसोला धरायला लावला आणि जेलिलाशी बोलला.

"जेलिला, काटा थंडीत उठायला जातो आणि उठत नाही, तेव्हा आपण काय करतो?"

"काय करणार, चूक झाली म्हणून परत फिरतो. तुम्हीच लिहिलंय. वर शेराही आहे तुमचा: पाहुणा आत आलाच नाही, हाकलकॉफी नको."

"आकडा कधी वाढतो? उठल्यावर, की उठायला गेल्यावर?"

पलीकडे टकटक ऐकू आली. मग बराच वेळ काही नाही. मुनिब जागाच होता.

"उठायला जाण्याआधी," जेलिला म्हणाली. "मुनिबआगा, आधीच वाढतो. उठला नाही तरी वाढलेलाच राहतो. गार सकाळी एकदा उठायला चुकला की एक कप कायमचा."

"परत फिरण्याआधी एक हाकलकॉफी घाल. एकच ओळ."

"घातली. बाल्कनीत जाऊन बघते."

मुनिबने फोन खिशात टाकला आणि हुसोच्या डोक्यावरून वाकून रागिबकडे पाहिलं.

"रागिब, त्या मंगळवारी तू कचऱ्याच्या डब्यांपाशी होतास तेव्हाच शेम्सानं तुझी कॉफी चढवली होती."

"हुसो, त्याला सांग, चढवली असेल. मी आत गेलो नाही."

"कप ओतलेला होता. अजून फडताळात आहे."

"त्याला सांग, मी उंबरा ओलांडला नाही. आलोच नाही, तर जाऊ कसा? अशा माणसाला निरोप कसला देतात?"

"मुनिब, तो म्हणतो, तो आलाच नाही तर—"

"अव्दोही हेच म्हणत होता," मुनिब म्हणाला.

हुसोने हे पोचवलं नाही. गरज नव्हती. रागिबची सिगारेट बोटात तशीच जळत राहिली आणि राख त्याच्या बुटावर पडली.

"मला अव्दो म्हणतोस?"

"तू माझा बिल्ला खिशात घालून घरी गेलास, शेजारी. अकरा दिवस माझी खाण चालू आहे. दिवे चालू, पंखे चालू. खाली कोणी नाही."

रागिबने सिगारेट बाकाच्या कडेवर विझवली. एकतीस वर्षांत त्याच्या पाळण्यावर एकही बिल्ला हरवला नव्हता, अव्दोचा सोडून, आणि ती चूक अव्दोची होती. स्वतःच्या खिशात बिल्ला सापडणं ही गोष्ट वेगळी.

"झोपला होतास तू," तो शेवटी म्हणाला. "मी वाकलो होतो आणि तू झोपला होतास."

"झोपलो होतो. चूक माझी."

"माझ्या बुटांना वेळ लागतो."

"लागतो."

"तेवढा वेळ जागं राहायचं. दोन्ही बूट."

"तू आकडे मोठ्यानं मोज," मुनिब म्हणाला. "आवाज असला की मी जागा असतो."

रागिब उठला. हुसोही उठला, कारण हे चुकवण्यासारखं नव्हतं. जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या दोन बायका सामील झाल्या. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मुनिबला दोघांनी धरलं होतं.

शेम्साला खिडकीतून वरात दिसली होती, पण कुठली कॉफी चढवायची ते तिला कळेना. मुनिबने सांगितलं. ती म्हणाली, "दारातच? आत न घेता हाकलायचं? माझ्या आईच्या सात पिढ्यांत असं कोणी केलं नाही."

"तुझ्या आईच्या सात पिढ्यांत कोणी उंबऱ्यावरून परत गेलंय?"

"नाही."

"मग त्यांना कसं माहीत असेल?"

मुनिब उंबऱ्याच्या आत, कडीवर हात ठेवून उभा राहिला, त्या मंगळवारी होता तसा. रागिब बाहेर वाकला. त्याने मोठ्याने मोजायला सुरुवात केली. "एक. दोन. तीन. चार." चारपर्यंत नाडी सोडली आणि थांबला, कारण त्या दिवशी तो चारपर्यंतच पोचला होता. मुनिब जागा होता. शेम्साने तांब्याच्या पात्रातून ताजी हाकलकॉफी ओतली आणि ट्रे उंबऱ्याच्या रेषेवर धरला. अर्धा आत, अर्धा बाहेर.

रागिबने साखरेचा खडा कॉफीत बुडवला, दाताखाली धरला आणि उभ्यानेच तीन घोटांत कप संपवला.

"चांगली झालीय," तो म्हणाला.

"पहिली याच्यापेक्षा चांगली होती," शेम्सा म्हणाली.

रागिब पुन्हा वाकला. "चार. तीन. दोन. एक." नाडी आवळली, गाठ मारली. मग सरळ झाला, टोपीला हात लावला आणि निघणारा माणूस म्हणतो ते म्हणाला, "अल्लाहिमानेत, शेजारी."

"अल्लाहिमानेत," मुनिब म्हणाला.

एक सेकंद. जिन्यातल्या कोणी श्वास घेतला नाही. दोन.

मुनिबच्या पापण्या मिटल्या. तोंड किंचित उघडलं. कडीवरचा हात तसाच राहिला. खिशातला फोन एकदा थरथरला. जेलिलाने एवढंच कळवलं होतं, की काटा झोपला.

दुसऱ्या मजल्यावरची एक बाई डोळे पुसायला लागली, तिला हुसोने हाताने गप्प केलं. मुनिबला हलवायचं की नाही यावर खुणांनी मतं घेण्यात आली आणि हलवू नये असं ठरलं. शेम्साने त्याच्या पाठीशी खुर्ची सरकवली, फडताळातला कप काढला आणि नळाखाली धरला. अकरा दिवसांची माती निघायला वेळ लागला.

रागिब एव्हाना दीड मजला उतरला होता. तिथे तो थांबला. त्या मंगळवारी आपण कशासाठी वर चढलो होतो ते त्याला आत्ता आठवलं: मुनिबला उसनं दिलेलं भोकं पाडायचं ड्रिल परत न्यायला.

"मुनिब!" त्याने खालून हाक मारली.

"ड्रिल बाल्कनीत आहे," मुनिब डोळे उघडून म्हणाला. "डाव्या बाजूला, रंगाच्या डब्यामागे."

"मग मी वर येऊ?"

शेम्साने ओला कप हातात धरून जिन्यातून खाली पाहिलं.

"तिथंच थांब," ती म्हणाली. "मी आणून देते. पुन्हा ओतायला लावू नकोस."